चिंतेचा पत्ता

युद्ध, मंदी, निवडणूक या शब्दांभोवती आपली सार्वजनिक चिंता फिरत असते आणि ‘लोक चिंतेत आहेत’ असे आपण सहज लिहून जातो. हे लोक नेमके कोण, हा प्रश्न समीक्षकालाही क्वचितच पडतो.

तो वालचंदनगरात विचारून पाहावा. नीरेकाठच्या साखर कारखान्याभोवती वसलेल्या या गावात पुढे अणुभट्ट्यांचे, अग्निबाणांचे आणि संरक्षणसामग्रीचे भाग घडू लागले. सीमेवरची जी बातमी जवानाच्या घरी भीती आणते, तीच इथल्या कामगाराच्या घरी कामाची आशा आणू शकते. उलट, २०११च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर जगाने सुरक्षिततेचा जो प्रश्न विचारला, तो अशा गावात रोजगाराचाही प्रश्न ठरतो. यात क्रौर्य नाही, पोट आहे.

१९६१च्या कमाल जमीनधारणा कायद्याचेही तसेच. कारखानदारांना त्यात आपली हानी दिसली. पण ज्या शेतकऱ्यांनी कारखान्यांना जमिनी खंडाने दिल्या होत्या, त्यांच्याही जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या आणि त्या परत मिळण्यासाठी खंडकऱ्यांना सुमारे पन्नास वर्षे झगडावे लागले. येऊ घातलेल्या संकटाची चिंता मथळ्यांत उमटते. न येणाऱ्या न्यायाची चिंता अर्जांच्या फायलीत पडून राहते.

म्हणून साहित्यकृतीत ‘काळाची चिंता’ भेटली, की अभ्यासकाने आधी तिचा पत्ता विचारावा. ती कोणाच्या उंबऱ्यावर उभी आहे? पत्ता नसलेली चिंता बहुधा सुस्थितांचीच असते.