आईचा कर्करोग: उपचारांच्या हिशेबात मुले कोठे?

झाशी शहराच्या जुन्या तटबंदीला दहा दरवाजे होते. त्यांपैकी लक्ष्मी गेटमधून बाहेर पडणारा रस्ता महालक्ष्मी मंदिर आणि लक्ष्मी तलावाकडे जातो. अठराव्या शतकातील मराठी राजवटीपासून या शहराचे महाराष्ट्राशी नाते आहे. ज्यांच्यामुळे झाशीचे नाव देशभर पोहोचले, त्या राणी लक्ष्मीबाईंचे मातृछत्र बालपणीच हरपले होते. मातोश्री भागीरथीबाईंच्या निधनानंतर वडील मोरोपंत तांबे यांनी छोट्या मणिकर्णिकेचा सांभाळ केला. त्यांना बिठूर येथे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचा आश्रय लाभला. सामान्य घरातील मुलांना असा आधार क्वचितच मिळतो.

आईचे आजारपण आणि मुलांचे भवितव्य हा प्रश्न आजही तितकाच गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२० या एका वर्षात जगभरात १० लाखांहून अधिक मुलांनी कर्करोगामुळे आपली आई गमावली. यातील सुमारे निम्मी मुले आशिया खंडातील होती. देशनिहाय विचार करता सर्वाधिक मुले भारतातील होती. स्तनांचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग ही यामागील दोन सर्वांत मोठी कारणे ठरली. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतीय महिलांना स्तनांचा कर्करोग सरासरी दहा वर्षे आधी होतो. त्यामुळे निदानाच्या वेळी अनेकींची मुले शाळेत शिकत असतात.

मात्र ज्या माता उपचार घेत आहेत, त्यांच्या मुलांची गणना कोठेही होत नाही. रुग्णालयाच्या नोंदणीपत्रावर रुग्णाचे वय, पत्ता आणि आजाराचा टप्पा नोंदवला जातो. घरी किती मुले आहेत, त्यांना कोण सांभाळते, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

झाशीसारख्या शहरात या प्रश्नाला अंतराची जोड मिळते. शहरात १९६८ पासून महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय कार्यरत आहे. तरीही गुंतागुंतीच्या उपचारांसाठी अनेक रुग्ण ग्वाल्हेर, लखनौ, दिल्ली किंवा मुंबई गाठतात. पंजाब मेलने झाशीहून मुंबईचे अंतर अकराशे किलोमीटरहून अधिक आहे. केमोथेरपी सहसा दर तीन आठवड्यांनी दिली जाते. किरणोपचार साधारण तीन ते सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात. उपचारांचा एकूण कालावधी अनेकदा सहा महिन्यांच्या पुढे जातो. या काळात मुलांना आजी किंवा मावशीकडे ठेवायचे, की शाळा बुडवून सोबत न्यायचे, हा निर्णय आईला घ्यावा लागतो.

या संदर्भात रेल्वेच्या सवलतीचे उदाहरण बोलके आहे. उपचारांसाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला शयनयान आणि तृतीय वातानुकूलित श्रेणीत भाड्यात पूर्ण सूट मिळते, तर सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के. आईबरोबर जाणाऱ्या मुलाचा या नियमात विचार नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेतून पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. त्यातून रुग्णालयाचा खर्च भागतो, परंतु परगावी राहण्याचा आणि मुलांच्या सांभाळाचा खर्च कुटुंबावरच पडतो. परिणामी काही महिला उपचार लांबणीवर टाकतात, तर काही ते अर्धवट सोडतात.

गैरसमजांचा भारही मोठा आहे. कर्करोग संसर्गजन्य नाही. आईच्या जवळ बसल्याने, तिच्या ताटात जेवल्याने तो मुलांना होत नाही. बाहेरून किरणोपचार घेणाऱ्या आईच्या कुशीत मूल निर्धास्त झोपू शकते. थायरॉइडच्या कर्करोगासाठी किरणोत्सारी आयोडीन दिले असल्यास मात्र काही दिवस अंतर राखावे लागते. केमोथेरपीच्या काळात आईची प्रतिकारशक्ती घटते. त्यामुळे मुलाला ताप किंवा कांजिण्या असतील, तर काळजी आईची घ्यावी लागते.

मुलांना काय सांगावे, हा सर्वांत कठीण प्रश्न. घरातील वडीलधारी मंडळी बहुधा मौन पत्करतात. परंतु आईचे केस गळताना आणि घरातली कुजबुज ऐकताना मूल स्वतःच अर्थ लावते, आणि अनेकदा आपल्याच चुकीमुळे आई आजारी पडली असे मानते. वयाला समजेल अशा शब्दांत आजाराचे नाव सांगणे, पुढे काय होणार आहे याची कल्पना देणे आणि यात तुझा दोष नाही असे स्पष्ट सांगणे, ही मानसोपचारतज्ज्ञांची शिफारस आहे. हे काम आईवर एकटीवर सोडता येणार नाही. त्यासाठी समुपदेशक हवेत आणि शाळेतील शिक्षकांनाही विश्वासात घ्यायला हवे.

दिलासा देणारी बाब म्हणजे यातील बरेच मृत्यू टाळता येण्याजोगे आहेत. त्याचा भक्कम पुरावा महाराष्ट्रानेच जगाला दिला. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील १ लाख ३१ हजारांहून अधिक महिलांचा समावेश असलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूच्या एकाच चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने घटल्याचे त्यातून दिसले. तरीही २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, ३० ते ४९ वर्षे वयोगटातील केवळ १.९ टक्के महिलांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधी ना कधी करून घेतली होती. स्तनांच्या तपासणीचे प्रमाण तर ०.९ टक्के एवढेच होते.

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा केली. त्यांचा विचार केवळ खाटांच्या संख्येवरून करणे पुरेसे नाही. केमोथेरपी स्वतःच्या जिल्ह्यात मिळाली, तर आई संध्याकाळी घरी परतते आणि मुलाची शाळा बुडत नाही. लक्ष्मी गेट परिसरातील आईसाठी या केंद्राचा खरा अर्थ हाच आहे.

या केंद्रांत नोंदणीच्या वेळीच मुलांविषयी विचारणा, समुपदेशकाची नेमणूक आणि सोबतच्या मुलालाही प्रवास सवलत या उपाययोजनांना फार मोठा निधी लागणार नाही. आईच्या उपचारांत मुलांचा विचार करणे ही केवळ सहानुभूतीची बाब नव्हे. मुले सुरक्षित हाती आहेत याची खात्री असलेली आईच उपचार पूर्ण करू शकते.