उपचारानंतर राहायचं कुठं?

व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडणाऱ्या माणसाकडे गोळ्यांची पिशवी असते, फॉलो-अपची तारीख असते. संध्याकाळी सात वाजता जायचं कुठं, हे मात्र अनेकांना ठाऊक नसतं. तीच गल्ली, तोच कोपऱ्यावरचा बार, तीच उधारी. १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं आणि दारुड्याकडे रुग्ण म्हणून पाहायला महाराष्ट्र हळूहळू शिकला. आता उपचारानंतरच्या घराची जबाबदारी शहरांनी उचलायला हवी. त्या घराबद्दल माझे मुद्दे असे:

१. घर भरवस्तीत हवं. किराणा आणायला गेल्यावर वाटेत परमिट रूम लागणारच. ती ओलांडून घरी यायची सवय लागावी म्हणूनच तर हे घर.

२. किल्ली राहणाऱ्याच्या खिशात असावी. अमेरिकेत मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगला १९७५ साली पहिलं ऑक्सफर्ड हाउस सुरू झालं. तिथलं सरकारी आधारगृह बंद होणार होतं, तेव्हा राहणाऱ्या पुरुषांनीच ते घर भाड्यानं घेऊन चालवायचं ठरवलं. वॉर्डन नाही. भाडं वाटून भरायचं, पदाधिकारी मतानं निवडायचे, नव्या माणसाला घ्यायचं की नाही हेही मतानंच. राहण्याला मुदत नाही. मला यात सगळ्यांत मोलाची वाटते ती हिशेबाची वही. ज्याच्या हातात घरचे दहा रुपये द्यायला भीत होते, त्याच्याकडे इथं सगळ्यांचं भाडं जमा होतं.

३. जो प्यायला त्यानं घर सोडायचं. यात सवलत नको, कारण एकाच्या बाटलीनं बाकीच्यांचाही तोल जातो. पण म्हणून रात्री अकराला त्याला रस्त्यावर काढू नये. कुणीतरी सोबत जाऊन दवाखान्यात पोचवावं. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. ते डॉक्टरांनीच सांभाळायचं काम आहे.

४. मानसोपचाराच्या गोळ्या चालू आहेत म्हणून कुणाला दार बंद करू नये.

५. शेजारी विरोध करतील, हे धरून चालावं. वॉशिंग्टन राज्यातल्या एडमंड्स शहरानं, नात्यात नसलेली पाचांहून जास्त माणसं एका घरात नकोत, या नियमावर बोट ठेवून अशा घराला अडवलं होतं. घरांबाबतच्या भेदभावविरोधी कायद्यातून हा नियम सुटत नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली दिला. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेले मनाचे आजार धरलेले आहेत, आणि हाफवे होमसारख्या निवासाची सोय सरकारनं करावी, हेही. मग महापालिकांनी रिकामे पडलेले फ्लॅट रास्त भाड्यानं द्यावेत.

६. रविवारी बायको-मुलांना यायची मोकळीक हवी. तिला यायचं नसेल तर तेही मान्य हवं. इतकी वर्षं कडी वाजली की जिच्या पोटात गोळा यायचा, तिलाही काही महिने निवांत झोप मिळू दे.