उजनीचे पाणी शहापुरात

आसनगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात परवा पदवीच्या वर्गाचा एक प्रोजेक्ट हाती आला. विषय पाणीटंचाईचा. स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक प्लास्टिक, पहिल्या पानावर शहापूर तालुक्यातल्या विद्यार्थिनीचे नाव आणि रोल नंबर. पान उलटले तर 'आमच्या सोलापूर जिल्ह्यात' अशी सुरुवात, पुढे चार पाने उजनी धरण. ऋणनिर्देशात आभार भलत्याच महाविद्यालयाच्या प्राचार्यांचे. दुकानाच्या संगणकात अशा फायली विषयवार लावलेल्याच असतात. नाव बदलायचे, प्रिंट काढायची, बाइंडिंगचे पैसे द्यायचे.

ती मुलगी तिथेच उभी होती. तुमच्याकडे टँकर येतो का गं, असे विचारले, तर दहा मिनिटे बोलत राहिली. टँकर पाणी विहिरीत ओततो, लगेच झुंबड उडते, तळ ढवळला की पोहऱ्यात गाळच येतो. आई पहाटे चारला हंडे घेऊन नंबर लावते. परीक्षेच्या सकाळीसुद्धा हिने दोन खेपा केल्या होत्या. मग हे का नाही लिहिलेस?

"सर, असलं चालतं?"

हा प्रश्न आम्हाला त्या चोरलेल्या पानांपेक्षा जास्त लागला. याच शहापूर तालुक्यातले तानसा धरण 1892 पासून मुंबईला पाणी पाजते आहे. पुढे वैतरणा आली, भातसा आली. आज मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा. आणि त्याच शहापुरात, शेजारच्या मुरबाडातही, उन्हाळा लागला की पाड्यांवर टँकरची वाट पाहायची. पाणीवाटपावर बोलायचा या मुलीइतका हक्क कोणाला आहे? पण स्वतःला माहीत असलेले ते 'असलं', आणि छापील ते ज्ञान, हे तिला पंधरा वर्षांच्या शिक्षणाने पक्के शिकवले आहे.

परीक्षेतल्या कॉपीसाठी राज्यात 1982चा कायदा आहे, भरारी पथके आहेत. प्रोजेक्टकडे कोणी फिरकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले, पण त्यांच्या व्याख्येतूनच असाइनमेंट आणि प्रकल्प अहवाल वगळले. प्रबंधातली चोरी पकडायची, आणि चोरीची सवय जिथे लागते तिथे डोळेझाक करायची! त्यात अंतर्गत गुणांचे वजन वाढते आहे आणि चॅटजीपीटी खिशात आले आहे. उद्या झेरॉक्सवाल्याचीही गरज उरणार नाही.

मुलांना आम्ही पाठीशी घालत नाही. एसटी चुकली की तास बुडतो, कित्येकजण मुरबाडच्या एमआयडीसीत पाळी करून वर्गात येतात, हे सगळे खरे. तरीही दुसऱ्याच्या पानांवर आपले नाव घालणे ही लबाडीच आहे आणि ती त्यांनाही कळते. पण ती पाने न वाचता, जाडी बघून गुण देणारे हात मोठ्यांचे आहेत. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकापुढे प्रोजेक्टचा ढीग टाकला तर तो तरी काय वाचणार? विभागप्रमुखांनी आणि प्राचार्यांनी हे आपल्या अंगावर घ्यायला हवे.

नव्या वर्षाचे विषय फलकावर लागतील तेव्हा 'जागतिक तापमानवाढ' पुन्हा नको. भातसा धरणात गेलेली जमीन द्या, माळशेजच्या पायथ्याची भातशेती द्या, एमआयडीसीतला कंत्राटी कामगार द्या, आपल्या पाड्याची विहीर द्या. हाताने लिहिलेली चार पाने पुरेत, मराठीत, अशुद्ध असली तरी. आणि गुण देण्याआधी प्रत्येकाला पाच मिनिटे समोर बसवा. विहीर किती हात खोल आहे, पाणी शेवटचे कधी आटले, पहिला हंडा कोणाचा भरतो, एवढे विचारा.