रामानुजनांची मिरास

त्रिभाषा-सूत्राचा वाद आपल्या राज्यात निघाला, की कोणती भाषा, कोणत्या इयत्तेपासून आणि कोणाच्या फर्मानाने, एवढ्यावरच सारी मसलत येऊन थांबते. एकाच मनुष्याच्या अंतःकरणात तीन भाषा नांदू लागल्या म्हणजे त्यांच्यात परस्परांशी काय देवघेव चालते, हा खरा वाङ्मयीन प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. त्या प्रश्नाचा उत्तम दाखला म्हणून मी अ. कृ. रामानुजन यांचे नाव घेईन. १९२९ साली म्हैसूरच्या एका तमिळ वैष्णव कुटुंबात ते जन्मले, आणि त्या घराची भाषिक वाटणी अशी होती, की माडीवर गणिताचे प्राध्यापक असलेल्या वडिलांच्या अभ्यासिकेत इंग्रजी, खाली स्वयंपाकघरात तमिळ, आणि उंबरठा ओलांडताच रस्त्यावर कन्नड. यांपैकी एकाही भाषेला त्यांनी पुढे सोडचिठ्ठी दिली नाही, हे त्यांच्या कर्तृत्वाचे मर्म होय.

आपल्या मुलुखाशी त्यांचा संबंध आला तो अध्यापकाच्या नात्याने. सीमावादाने ज्या नगराचे नाव पुढे दोन्ही राज्यांच्या दफ्तरांत कायमचे अडकून पडले, त्या बेळगावात त्यांनी इंग्रजी शिकविले आणि फावल्या वेळी कन्नड लोककथा गोळा केल्या. नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, जेथे डॉ. सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली आधुनिक भाषाविज्ञानाची पायाभरणी चालली होती, त्यांनी त्या शास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले. तेथून १९५९ मध्ये ते अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात गेले आणि १९६२ पासून १९९३ मधील मृत्यूपर्यंत शिकागो विद्यापीठात राहिले.

शिकागोस पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत घडलेला एक प्रसंग त्यांनी स्वतःच नोंदून ठेविला आहे. प्राचीन तमिळचे एखादे प्राथमिक व्याकरण मिळावे म्हणून ते हार्पर ग्रंथालयाच्या तळघरात उतरले, आणि तेथे त्यांच्या हाती उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी १९३७ मध्ये संपादिलेला ‘कुरुन्तोगै’ हा संघकालीन प्रेमकवितांचा संग्रह लागला. ज्याची मातृभाषा तमिळ, त्या तेहतीस वर्षांच्या विद्वानाला आपल्या भाषेचे दोन सहस्र वर्षांपूर्वीचे काव्य प्रथम उमगावे ते मिशिगन सरोवराच्या काठी, यात मला विपरीत असे काही दिसत नाही. कारण म्हैसूरच्या शाळेने त्यांना कन्नड आणि इंग्रजी दिली होती, प्राचीन तमिळ नव्हे, आणि मातृभाषा असली तरी तिचे अभिजात वाङ्मय कष्टाने कमवावेच लागते. १९६७ साली त्यांनी केलेली या कवितांची इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध झाली आणि कुरिंजी, मुल्लै, मरुदम् इत्यादी भूप्रदेशांतून मनोवस्था सुचविणारी ती सूक्ष्म काव्यरीती जगभरच्या वाचकांस परिचित झाली.

१९७३ मध्ये बसवण्णा, देवर दासिमय्या, महादेवियक्का आणि अल्लमप्रभू या कन्नड शिवभक्त कवींच्या वचनांचा त्यांनी केलेला अनुवाद आला. त्यावर तेजस्विनी निरंजना यांनी पुढे असा आक्षेप घेतला, की हे शिवशरण अनुवादात आधुनिक पाश्चात्त्य कवींसारखे बोलू लागतात. ही तक्रार मला निराधार वाटत नाही. संघकाव्याच्या परंपरेत आज आचारधर्म उरलेला नाही, तेथे अनुवादकाला मोकळीक आहे. वचने मात्र अद्यापि मठांत आणि घरांत जिवंत आहेत, आणि त्यांचा आवाज इतका सुटसुटीत करून टाकण्याचा अधिकार रामानुजनांनी थोडा घाईनेच घेतला असे म्हणावे लागते.

परंतु त्यांच्या पद्धतीचे सामर्थ्य पाहावयाचे तर लोककथांकडे वळावे. आपल्याच पुत्राशी विवाह होण्याचे ललाटलेख घेऊन आलेल्या मुलीची कथा त्यांनी उत्तर कर्नाटकातील एका स्त्रीकडून ऐकली. तशीच मराठी कथा इरावतीबाई कर्वे यांनी १९५० मध्येच प्रसिद्ध केली होती. ग्रीक नाटकात जी आपत्ती पुत्राच्या दृष्टीने दिसते, ती येथे मातेच्या दृष्टीने दिसते, ही गोष्ट कन्नड-मराठी शेजाराची ओळख ठेवणाऱ्या अभ्यासकालाच इतक्या ठसठशीतपणे मांडता आली. आमच्या विद्यापीठांतून मात्र मराठी विभाग आणि कन्नड विभाग स्वतंत्र संस्थानांसारखे वागतात, आणि तौलनिक साहित्याचे नाव निघताच आमची दृष्टी थेट पॅरिसवर जाऊन ठरते. मधले विजापूर कोणाला दिसत नाही.

रामकथेच्या नाना रूपांवरील त्यांच्या निबंधाचा निष्कर्षही याच शेजारधर्मातून आला: यातील कोणतेही एक रूप मूळ आणि बाकीची त्याची विकृती, असे म्हणता येत नाही. २०११ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या विद्वत्परिषदेने तो निबंध इतिहासाच्या अभ्यासक्रमातून काढून टाकला. एकट्या मोरोपंतांच्या नावावर अष्टोत्तरशत रामायणे आहेत, आणि त्यांतील एकात ओष्ठ्य वर्णच वर्ज्य केलेले आहेत. बारामतीत त्याबद्दल पंतांना कोणी जाब विचारल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.