लिलिएंथालचे धाडस आणि लिलिएंथालचे आकडे

विमानाचा शोध कोणी लावला, असे विचारले तर कोणताही विद्यार्थी 'राइट बंधूंनी' असे चटकन सांगेल. ओटो लिलिएंथालचे नाव क्वचितच कोणी घेईल. घेतलेच तर 'तो उडताना पडून मेला' एवढीच माहिती सोबत येते. माझ्या मते हा त्याच्यावर अन्याय आहे. लिलिएंथाल धाडसी होता यात शंका नाही. पण पंख बांधून उंचावरून उड्या टाकणारे धाडसी लोक त्याच्यापूर्वीही होऊन गेले. त्यांच्या उड्यांनी उड्डाणविद्या पुढे सरकली नाही. लिलिएंथालच्या कामाने सरकली. असे का झाले?

लिलिएंथालचा जन्म १८४८ साली जर्मनीतील आंक्लाम या गावी झाला. लहानपणी तो आणि त्याचा भाऊ गुस्टाव्ह करकोच्यांचे उड्डाण तासन्‌तास पाहत. पुढे तो एंजिनिअर झाला आणि बर्लिनमध्ये त्याने स्वतःचा कारखाना काढला. फिरत्या दांड्याच्या टोकाला निरनिराळ्या आकारांचे पंख बसवून, कोणत्या कोनात किती बल पंखाला वर उचलते, हे त्याने मोजले. सपाट पंखापेक्षा किंचित बाकदार पंख अधिक चांगला, हे त्याला दिसून आले. ही मोजमापे त्याने १८८९ साली पक्ष्यांच्या उड्डाणावरील आपल्या ग्रंथात प्रसिद्ध केली. स्वतःची ग्लायडर-उड्डाणे मात्र त्याने १८९१ साली सुरू केली. आधी मोजमाप आणि मग उडी, हा क्रम ध्यानात घ्या!

पहिली उड्डाणे सुमारे २५ मीटरांची होती. पुढे तो २५० मीटरांपर्यंत जाऊ लागला. १८९४ साली बर्लिनजवळ त्याने सरावासाठी १५ मीटर उंचीची टेकडीच रचून घेतली. पाच वर्षांत त्याने सुमारे २,००० उड्डाणे केली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी वाऱ्याच्या झोतात त्याचे ग्लायडर हवेत थबकले आणि सुमारे १५ मीटरांवरून कोसळले. दुसऱ्या दिवशी तो मरण पावला.

त्याचे आकडे मात्र मागे राहिले. राइट बंधूंनी आपली पहिली ग्लायडरे त्याच्या कोष्टकांच्या आधारे बांधली. १९०१ सालचे ग्लायडर गणिताने येणाऱ्या बलाच्या जेमतेम एक-तृतीयांश बल देऊ लागले. चूक कोठे होती? त्यांनी एक लांबट लाकडी पेटी घेऊन तिच्यातून पंख्याने वारा सोडला आणि सुमारे २०० छोट्या पंखांची परीक्षा घेतली. तेव्हा कळले की लिलिएंथालची कोष्टके त्याच्या पंखाच्या आकारापुरती बरीचशी बरोबर होती. पण वाऱ्याचा दाब काढण्यासाठी अठराव्या शतकापासून वापरात असलेला ०.००५ हा गुणांक चुकीचा होता. तो सुमारे ०.००३३ असायला हवा होता. शरीराचा भार इकडेतिकडे सरकवून ग्लायडर पुरेसे आवरता येत नाही, हा धडाही त्यांनी त्याच्या अपघातावरून घेतला. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान १२ सेकंद उडाले. लिलिएंथालला ते कधीही भेटले नव्हते. पण त्याच्याशी वाद घालता यावा असे काही त्याने कागदावर ठेवले होते.

आता आपल्याकडे वळू. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवले, असे अनेकदा सांगितले जाते. त्यांच्या जिज्ञासेबद्दल आदर बाळगूनही विचारावेसे वाटते : त्या यंत्राचे वजन किती होते? पंखांचे क्षेत्रफळ किती? एंजिनाची शक्ती किती? या प्रश्नांची उत्तरे देणारी त्या काळची विश्वसनीय नोंद पुढे आलेली नाही. आधारासाठी 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचे नाव घेतले जाते. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी त्यातील वर्णने आणि आकृत्या तपासल्या. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हा ग्रंथ त्यांनी हसून बाजूला टाकला नाही, तपासला. विज्ञानाची रीत हीच. ज्या दाव्यात आकडे नाहीत तो चूक ठरवता येत नाही हे खरे, पण म्हणूनच त्याचा पुढच्या माणसाला काही उपयोगही होत नाही.

'पहिला कोण?' हा प्रश्न आपण वर्गात फार विचारतो. त्याऐवजी 'त्याने काय मोजले?' असे विचारले तर? शिक्षकांनी एक तास यासाठी अवश्य द्यावा. कागदाचे विमान ठरावीक उंचीवरून वीस वेळा सोडावे, प्रत्येक वेळचे अंतर वहीत लिहावे, फसलेले प्रयत्नही लिहावेत. मग पंखाला किंचित बाक देऊन पुन्हा वीस वेळा सोडावे. ती वही शेजारच्या वर्गाच्या हाती द्यावी आणि त्यांना तिच्यातील चुका शोधू द्याव्यात. लिलिएंथालची आठवण ठेवण्याचा याहून चांगला मार्ग मला दिसत नाही.