तारांचें कपाट आणि घराची भिंत

एका वाचक-भगिनींचें पत्र आलें आहे. एकत्र कुटुंब, दुमजली जुना वाडा, कॉलेजांत जाणारीं चार मुलें, घरूनच कचेरीचें काम करणारे दोघे दीर, आणि दाराशीं कॅमेरे. इंटरनेटचा राउटर, स्विच, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि त्यांच्या वायरींचें जंजाळ आजवर माजघरांतील कोनाड्यांत पडून होतें. आतां त्यासाठीं लोखंडी रॅक घ्यावयाचा आहे, तो कसा पारखावा, असें त्या विचारतात. प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु आमच्याच घरीं घडलेली हकीकत आधीं सांगतों.

दोन वर्षांमागें आम्हीं असेंच एक कपाट आणलें. वडील बंधूंनीं तें पसंत केलें तें काचेच्या दारासाठीं व काळ्याभोर रंगासाठीं. बसविणाऱ्या माणसानें भिंतीला चार भोंकें पाडलीं, प्लॅस्टिकचे गट्टे ठोकून स्क्रू आवळले आणि यूपीएसहि आंतच चढविला. भिंत कच्च्या विटांची, वरून चुन्याचा गिलावा. हें त्याला कोणी सांगितलें नाहीं, त्यानेंहि विचारलें नाहीं. पुढें आषाढांत भिंतीस ओल आली आणि एके रात्रीं तें सगळें धूड खालच्या पलंगावर कोसळलें. पलंग आत्याबाईंचा. त्या एकादशीसाठीं पंढरपुरास गेल्या होत्या म्हणून निभावलें. परत आल्यावर मोडलेली फळी पाहून त्या एवढेंच म्हणाल्या, "अरे, साधा आरसा टांगायचा तरी आपण आधीं भिंत ठोकून बघतों!"

तेव्हां पहिली पारख भिंतीची. कपाट भिंतीवरून नुसतें खालीं ओढत नाहीं, तें पुढेंहि झुकतें. समजा, भरलेलें कपाट २० किलोचें आहे, त्याचा भार भिंतीपासून २७ सेंटिमीटर पुढें आहे, आणि वरच्या व खालच्या स्क्रूंत ३० सेंटिमीटर अंतर आहे. तर वरच्या स्क्रूंवर सुमारें १८ किलोची ओढ भिंतीबाहेर पडते. पक्क्या विटेंत वा काँक्रीटमध्यें लोखंडी अँकर बोल्ट ही ओढ सहज सोसतो. गिलाव्यांत अडकलेला गट्टा सोसत नाहीं. वाड्यांत उत्तम उपाय म्हणजे दोन लांकडी खांबांना आडवी जाड सागवानी फळी बोल्टांनीं पक्की करून कपाट त्या फळीस जोडणें. खांब सोईचे नसतील तर जमिनीवर उभा राहणारा रॅक घ्यावा, जड वस्तु तळाशीं ठेवाव्या आणि माथा मागें बांधून टाकावा. यूपीएस कोठेंहि असो, तो जमिनीवरच बरा.

मापाचें गणित मात्र सोपें आहे. या रॅकची १९ इंच रुंदी टेलिफोनच्या कचेऱ्यांतून आली. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत अमेरिकेंत ती रूढ झाली व आज जगभर तीच चालते. उंची 'यू' या मापानें मोजतात. १ यू म्हणजे पावणेदोन इंच. स्विचला एक, वायरींच्या पॅनेलला एक, विजेच्या पट्टीला एक, राउटर ठेवावयाच्या ट्रेला दोन, रेकॉर्डरला दोन, असे सात झाले. म्हणून सहा यूचें स्वस्त कपाट घेऊन पस्तावण्यापेक्षां नऊ यूचें घ्यावें. परंतु फसगत होते ती खोलींत. दुकानदार सांगतो ती बाहेरची खोली. आंत रेकॉर्डर बसल्यावर मागें वायरी वळावयास चार बोटें तरी जागा उरली पाहिजे. फायबरची तार तर घट्ट वळविली कीं निकामी होते. दुकानांत जातांना टेप आणि सर्वांत खोल यंत्राचें माप बरोबर न्यावें.

काचेच्या दाराचा मोह आमच्या बंधूंना नडला तसा पुष्कळांना नडतो. यंत्रें जी वीज खातात ती बहुतेक सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. तेव्हां बाजूंना जाळी, खालून हवा येण्यास वाट व माथ्यावर पंखा हवा. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: लोखंडी पेटींत वाय-फाय कोंडलें जातें. राउटर आंत ठेवला तरी वाय-फाय देणारें यंत्र बाहेरच, उंचावर लावावें. नाहीं तर माडीवरचीं मुलें दुसऱ्याच दिवशीं कपाटाचें दार उघडें टाकतील.

कपाटास अर्थिंग जोडून घ्यावें, आणि दारासहि वेगळी तार द्यावी; बिजागरीवरील रंगामुळें वीज तेथून नीट जाईलच असा भरंवसा नसतो. भोंकांना रबरी कडें लावावें, म्हणजे पत्र्याच्या धारेनें वायर कापली जात नाहीं.

राहिला प्रश्न कुलपाचा. चोर कॅमेऱ्यास भीत नाहीं, तो रेकॉर्डरच उचलून नेतो. म्हणून कपाट ओसरीवर नको, आंतल्या खोलींत हवें. त्याबरोबर येणारें कुलूप बहुधा नांवाचेंच असतें. एकाच किल्लीनें त्या जातीचीं अनेक कपाटें उघडतात. तें बदलून घ्यावें. किल्ल्या दोन असतात. पैकीं एक घरांत नेहमीं असणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाकडे असावी. आमच्याकडे ती आत्याबाईंच्या कनवटीला असते, आणि दर खंडेनवमीस यंत्रें पुसतांना त्या स्वतः शेजारीं उभ्या राहून फळीचा एक एक बोल्ट आवळून घेतात.