व्यस्त त्रैराशिक जेथें ढळतें

एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांचा वडिलोपार्जित वाडा पुढील महिन्यांत पाडावयाचा आहे. चिरंजीवांनीं कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून देवघराचीं चित्रें कृष्णधवल फिल्मवर घेतलीं. प्रकाशमापकानें ३० सेकंद सांगितले, तितकेच दिले. परंतु निगेटिव्ह इतकी फिकी आली कीं, देव्हाऱ्याखालचें कांहींच दिसेना. यंत्र बिघडलें काय, अशी पृच्छा आहे.

यंत्र निर्दोष आहे. लीलावतींतील व्यस्त त्रैराशिक आमच्या पिढीस आठवत असेल. प्रकाश निम्मा झाल्यास वेळ दुप्पट द्यावा, हा नियम बुन्सेन व रॉस्को यांनीं १८६२ सालीं मांडला, आणि सेकंदाच्या लहानशा अंशांत तो उत्तम चालतो. मंद प्रकाशांत मात्र तो ढळतो. ताऱ्यांचीं छायाचित्रें घेतांना श्वार्त्सशिल्ड ह्या ज्योतिर्विदानें १९०० च्या सुमारास हें मापून दाखविलें. रजतलवणाच्या स्फटिकास प्रकाशकण लागोपाठ मिळाले तरच टिकाऊ संस्कार उमटतो. ते रेंगाळत आले तर दुसरा येण्यापूर्वींच पहिल्याचा परिणाम विरतो. (पाठांतराचेंही असेंच; पण तें असो.)

आतां उपाय. इल्फर्ड कंपनी फिल्मगणिक एक घातांक देते. मापकाचे सेकंद एकाहून अधिक असल्यास त्यांस तो घात द्यावा. एचपी-५ प्लसचा घातांक १.३१. तेव्हां १० चे सुमारें २० होतात आणि ३० चे सुमारें ८६! भिंगाचें छिद्र एक स्टॉप मोठें केल्यास मापक १५ सांगेल, व सुधारून ३५ च पुरतील; ही सवलत सोडूं नये. कोडॅकच्या ट्राय-एक्सचें कोष्टक १० सेकंदांस ५० सांगतें. फुजीच्या अॅक्रॉस-२ ला दोन मिनिटांपर्यंत वाढ लागतच नाहीं. म्हणून एकीचें कोष्टक दुसरीस लावणें व्यर्थ.

आणखी एक अडचण आहे. तूट अंधाऱ्या कोपऱ्यांतच अधिक पडते. समईच्या ज्योतीस ती जवळजवळ नसते. वेळ वाढवितांच ज्योत भडक होते. ह्यास्तव डेव्हलपरमधील वेळ थोडा कमी करावा. ट्राय-एक्सला ५० सेकंद दिल्यास कोडॅक तो २० टक्क्यांनीं उतरविण्यास सांगते.

चिरंजीवांनीं ८६ सेकंदांची एक व तीन मिनिटांची एक, अशा दोन निगेटिव्ह तरी घ्याव्या, आणि तोंवर माजघराचें दार कोणासही उघडूं देऊं नये.